एका सेंटर हाफच्या वयासाठी पिंपळगावला दोन फेऱ्या

भोकरदनच्या पुढे पिंपळगाव रेणुकाई हे गाव आहे. जालन्यापासून ते फार लांब नाही, तरी आमच्या ओळखीच्या मंडळींत ते पाहिलेला माणूस मला भेटला नाही. मी मात्र गेल्या पाच महिन्यांत तिथे दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा गेलो डिसेंबर १९५९ च्या शेवटी, कॉलेजच्या एका फुटबॉल खेळाडूचे वय शोधायला. दुसऱ्यांदा का जावे लागले ते ओघात येईल. दोन्ही वेळा माझी वही बरोबर होती, त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते बहुतेक वहीवरूनच आहे.

आधी थोडे या कामाविषयी. मी जालन्याच्या एका हायस्कुलात गणित शिकवतो. स्वतः कधी चेंडूला पाय लावला नाही, पण वीस वर्षे मैदानाच्या कडेला उभा राहून कोणी किती गोल केले ते टिपत आलो आहे. पूर्वी, म्हणजे निजामी अमलात, कॉलेजचा संघ कॅप्टन आणि एखादा हौशी प्रोफेसर मिळून उभा करत. कोण विद्यार्थी आहे आणि कोण नाही हे कॅप्टनच्या शब्दावर ठरे. चुन्याच्या रेषा मुलेच आखत. सामना संपला की जिंकलेल्यांना आणि हरलेल्यांना एकाच पंगतीत पुरीभाजी मिळे.

मग आमच्याकडे नवी कॉलेजे निघाली आणि चुरस वाढली. जिनिंगचे मालक चंपालाल शेठ यांनी मैदानाला पत्र्याचे कुंपण घातले, तिकीट लावले, पुढे खुर्च्यांच्या दोन रांगा केल्या. यात वाईट काही नव्हते. कुंपणामुळे निदान म्हशी मैदानात येईनाशा झाल्या. पण तिकीट काढून आलेल्या माणसाला जिंकणारा संघ हवा असतो. कॉलेजे खेळाडू शोधू लागली. फी माफ, खोली फुकट, जेवण फुकट. एका कॉलेजने तर 'पहिल्या वर्षाचा विद्यार्थी' म्हणून जो बॅक उतरवला होता, त्याचा मुलगा माझ्या पाचवीच्या वर्गात होता.

ते पाहून मी गप्प बसलो नाही. कॉलेजांनी मिळून एक फुटबॉल मंडळ नुकतेच काढले होते. त्याच्या पहिल्याच बैठकीत मी नियम सुचवला की एक जुलैला ज्याला पंचवीस वर्षे पूर्ण झाली असतील त्याला खेळता येणार नाही, आणि वयाबद्दल शंका आली तर मूळ नोंद पाहिली जाईल. नियम एकमताने झाला, आणि वये तपासायचे काम अर्थातच माझ्या गळ्यात पडले. मला ते आवडलेही, हे इथे कबूल करतो.

पहिली तक्रार आली ती आमच्याच गावच्या कॉलेजविरुद्ध. आमचा सेंटर हाफ, म्हणजे मधली फळी सांभाळणारा, भानुदास हा पिंपळगावचा. बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला होता. शाळेच्या दाखल्यावर त्याचा जन्म जुलै १९३४ चा होता, म्हणजे त्याला पंचवीस पुरी व्हायला एक जुलैनंतर थोडे दिवस उरत होते. 'दाखला बापाच्या तोंडी सांगण्यावरून लिहिलेला आहे, मूळ नोंद पाहावी,' असे तक्रारीत म्हटले होते. भानुदास शेठजींच्या जिनिंगच्या आवारात राहत होता. खोली त्यांची, दोन वेळचे जेवण त्यांचे, फीसुद्धा त्यांचीच.

"मास्तरजी, जा आणि कागद बराबर घेऊन या," शेठजी मला म्हणाले.

"कागद जसा असेल तसा आणीन," मी म्हणालो.

"तेच म्हणतोय मी. पण एक सांगून ठेवतो. खेळणाऱ्याचा खर्चा मी करतो. न खेळणाऱ्याचा मी कशाला करू? गावात गरीब पोरं काय कमी आहेत?"

त्यांचे बोलणे सरळ होते आणि आजही मी त्यांना दोष देत नाही. पण त्या एका वाक्यामुळे मला कळले की मी नुसते वय शोधायला निघालेलो नाही.

जालना ते भोकरदन

सकाळी सातच्या बसला भानुदास मला पोचवायला आला. रुंद खांद्यांचा, बुटका, चालताना किंचित बाहेर पाय टाकणारा गडी. त्याच्या हातात कागदात बांधलेला पुडा होता.

"गुरुजी, चाललेच हायेत तर आईला एवढं द्या. चहापत्ती हाये. तिकडं मिळती ती निव्वळ भुसा असती."

"तुझ्याविरुद्ध चौकशीला चाललोय मी, आणि तू माझ्याच हाती चहा पाठवतोस?"

"मंग काय झालं? नोंद पाटलाकडं हाये. जे लिवलंय ते लिवलंय." तो हसला. "आईला सांगा, गुडघा बराय म्हनून. बिलकुल दुखत न्हाई म्हना."

"दुखतो का?"

"दुखतो की. पर तिला कशाला सांगायचं?"

बस राजूरच्या अलीकडे पंक्चर झाली. चाक बदलायला पाऊण तास लागला, कारण जॅक ज्या पेटीत होता तिची किल्ली ड्रायव्हरच्या घरी राहिली होती. कुलूप शेवटी दगडाने फोडले. तोवर आम्ही उतारू शेजारच्या कपाशीच्या बांधावर बसलो. वेचणी चालू होती. बाया ओट्यात कापूस भरून बांधावर आणून टाकत होत्या. जालन्यात हाच कापूस आम्ही गाठीच्या रूपात पाहतो, पत्रे ठोकलेला, नंबर घातलेला. इथे तो ऊन खात पडला होता आणि एक कुत्रे खुशाल त्यावर निजले होते.

भोकरदनला उतरलो तेव्हा साडेदहा वाजले होते. तिथल्या शाळेचे हेडमास्तर माझ्या ऐकिवातले होते. भानुदासला फुटबॉल शिकवला तो यांनीच, आणि त्याचा दाखलाही यांच्याच सहीचा. नाताळची सुट्टी होती, म्हणून घरीच भेटले. साठीकडे झुकलेले, अंगावर जुनी काळी शेरवानी, हातात तपकिरीची डबी. गुळाचा चहा आला. आम्ही जालन्यात साखरेचा पितो आणि त्याला सुधारणा म्हणतो. थंडीत मात्र हाच बरा.

मी तक्रार सांगितली. ते शांतपणे म्हणाले, "दाखला बराबर आहे. मी स्वतः हिशेब करून साल लिहिलंय."

"कशावरून?"

"त्याचा बाप पाटलाकडून फसली साल चिठ्ठीवर लिहून घेऊन आल्ता. ती चिठ्ठी आता कुठली सापडायला. पण हिशेब माझा आहे." मग ते म्हणाले, "मास्तर, एक विचारू? पंचवीस ही मर्यादा कुणी काढली?"

"मी."

"आपल्याकडे रझाकारांच्या धामधुमीत दोन वर्षं शाळेला कुलूप होतं. हा पोरगा त्याच्या आधी तीन वर्षं गुरंच राखत होता, कारण गावात शाळाच नव्हती. मुंबईकडचा मुलगा विसाव्या वर्षी बी. ए. होतो. आपला कितीत होईल, हे तुम्ही त्या बैठकीत मोजलंत का?"

मी मोजले नव्हते. पण तसे न म्हणता मी म्हणालो, "नियम सगळ्यांना सारखा असतो." त्यांनी तपकिरीची डबी माझ्यापुढे केली. मी घेत नाही.

पिंपळगाव

दुपारी एक छकडा मिळाला. बैल चांगले होते, रस्ता नव्हता. दोन्ही बाजूंना शाळू उभा होता, कणसे भरत आलेली. गोफणीने पाखरे हाकणारा एक म्हातारा मचाणावरून ओरडला, "कुनाचे पावने?" गाडीवानाने उत्तर दिले, "सरकारी!" मी नाही म्हणालो, तर गाडीवान म्हणाला, "राहू द्या गुरुजी, आता एवढ्या लांबनं कोन सांगत बसतं?" पुढे ओढा उतरताना माझ्या उजव्या चपलेचा अंगठा तुटला. पोलीस पाटलांच्या घरी पोचलो तो एक पाय अनवाणी. पाटलांनी स्वतःच्या वहाणा दिल्या. त्या माझ्या पायाला दोन बोटे मोठ्या होत्या, आणि त्या गावातला माझा सगळा मुक्काम मी त्या फटक फटक वाजवत केला.

पाटलांनी आल्या आल्या वही काढली नाही. आमच्याकडे, शहरात, काम आधी आणि चहा नंतर. तिथे पाहुणा जेवल्याशिवाय कागदाचे नाव काढणे हा त्याचा अपमान समजतात. जेवायला ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि येसराची आमटी होती. डाळी, धान्य आणि मसाले भाजून दळून ठेवलेले हे पीठ. पाण्यात कालवून उकळी आणली की आमटी तयार. माझी आई करत असे. जालन्यात घर केल्यापासून आमच्याकडे ते बंद झाले आहे. मी तीन वाट्या घेतल्या.

मग वही आली. लाल खारव्याची बांधणी, आत मोडी अक्षर, कडा वाळवीने खाल्लेल्या. पाटील बोट फिरवत गेले आणि थांबले. "हे बघा. गिरजाबाईचा पोरगा. शहरेवर, तेराशे त्रेचाळीस."

मी स्वतः वाचून पाहिले. आकडा स्वच्छ होता. शहरेवर महिना, फसली १३४३.

आमच्या पिढीने फसली, म्हणजे निजामी कारभाराचे, साल रोज लिहिले, पण त्याचे इंग्रजी करायची वेळ आमच्यावर कधी आली नव्हती. एक गोष्ट मात्र मला पक्की माहीत होती. पोलीस ॲक्शन झाली सप्टेंबर १९४८ मध्ये, आणि त्याच्या पुढच्याच महिन्यात आजूर हा पहिला महिना लागून फसली १३५८ सुरू झाले. एकोणीसशे अठ्ठेचाळीसमधून तेराशे अठ्ठावन्न वजा केले की पाचशे नव्वद उरतात. मी वहीत बेरीज मांडली: १३४३ अधिक ५९०, बरोबर १९३३. वर्गात मुलांना सांगतो तशी उलट वजाबाकी करून ताळाही पाहिला. ताळा जमला.

"म्हंजे?" पाटलांनी विचारले.

"म्हणजे एक जुलैला पंचवीस उलटून गेली होती. दाखल्यात एक वर्ष कमी धरलंय."

 वही बांधताना पाटील एवढेच म्हणाले, "त्याच्या आईला भेटून जा. न्हाई भेटलात तर ती मला बोलंल."

गिरजाबाईंचे घर गावाच्या कडेला, विहिरीजवळ होते. विधवा बाई, वय पन्नासच्या आसपास, आवाज खणखणीत. मी चहापत्ती दिली. तिने पुडा हुंगला आणि बाजूला ठेवला.

"गुडघा कसाय त्याचा?"

"बरा आहे. दुखत नाही."

"दुखत असंल," ती म्हणाली. "तुमाला असंच सांगायला सांगितलं असंल त्यानं."

मी तिला काय सापडले ते सांगितले. तिने मान हलवली. "न्हाई गुरुजी. एक वरीस जास्त धरलंत तुमी. ही विहीर खांदली त्या सालचा हाये तो. उन्हाळ्यात पानी लागलं, आन् आखाडात हा झाला. आखाड तळून राह्यले व्हते मी. कढईत शेवटचा घाना व्हता, तवाच कळ आली."

"आई, तोंडी सांगणं चालत नाही. कागद लागतो."

"मंग विहिरीवर लिवलंय की. दगडात लिवलंय. ते न्हाई चालत?"

जाताना मी तिथे थांबलो, हे खरे आहे. विहीर सुरेख बांधलेली आहे. घडीव दगड, पायऱ्या सरळ, आणि वरच्या चिऱ्यावर कोरलेले साल: शके १८५६. अक्षरे इतकी देखणी की मी ती वहीत जशीच्या तशी उतरवून घेतली. विहिरीचा घेर पावलांनी मोजला, तोही लिहिला. शके सालात अठ्ठ्याहत्तर मिळवायचे हे माझ्या वर्गातला कोणताही मुलगा सांगेल. मी मिळवले नाहीत. माझ्या मनात शोध संपला होता, आणि विहीर हे पाहण्यासारखे स्थळ म्हणून मी पाहत होतो.

सकाळी निघताना गिरजाबाईने भानुदाससाठी येसराचे गाठोडे दिले. "शेठच्या घरचं जेवन गोड असतं म्हनतो. त्याला सांगा, पान्यात उकळायचं फक्त."

परत

भोकरदनला बस सुटायला एक तास होता. हेडमास्तरांचे घर समोर, चार पावलांवर. त्यांना जाऊन विचारावे असे मनात आले, आणि मी गेलो नाही. मला वाटले, आपल्या विद्यार्थ्यासाठी या सज्जन माणसाने एक वर्ष इकडचे तिकडे केले आहे. आता या वयात त्यांना तोंडावर खोटे पाडून काय मिळवायचे? मी त्यांची लाज राखली अशा समजुतीत बसस्टँडवर बसून राहिलो. आत गेलो असतो तर त्यांनी कागदपेन्सिल घेऊन दोन मिनिटांत मला माझी चूक दाखवली असती.

दुसरे एक मला वाटत होते, तेही लिहिले पाहिजे. निकाल आमच्या गावाविरुद्ध जात होता. आपल्या बाजूला फायद्याचा आकडा आला असता तर मी तो दहा वेळा तपासला असता. तोट्याचा आला म्हणून एकदाच तपासला. त्यात मला आपल्या निःपक्षपातीपणाचा पुरावा दिसत होता.

जालन्याला मी भानुदासला गाठोडे आणि निकाल एकदमच दिला. त्याने आधी गाठोडे सोडून वास घेतला.

"एकोणीसशे तेहेतीस?" तो म्हणाला. "हेडमास्तर तर चौतीस म्हनत व्हते."

"नोंद मी स्वतः पाहिली."

"तुमी बघितली म्हंजे बराबरच असंल," तो म्हणाला. त्याचा माझ्यावर माझ्याइतकाच विश्वास होता.

मंडळाने माझा अहवाल जानेवारीत मान्य केला. 'स्वतःच्या गावाविरुद्ध निर्णय देणारे सभासद' म्हणून माझे कौतुकही झाले. शेठजींनी महिनाअखेरपर्यंत खोली राहू दिली. तेवढी सवलत त्यांच्या हिशेबात बसत नव्हती, तरी दिली. उपांत्य सामना आम्ही तीन शून्याने हरलो. मधली फळी उघडी पडली होती, चेंडू सारखा आमच्याच गोलापुढे. त्या दिवशी भानुदास पाहायला आला होता. दारावरच्या माणसाने त्याला तिकीट मागितले. नवा माणूस होता, ओळखत नव्हता. भानुदासने मुकाट्याने काढले आणि उभ्या प्रेक्षकांत गेला. मी खुर्चीवर होतो.

फेब्रुवारीत तो गावी परतला. टर्म भरली नाही, परीक्षा बुडाली. आमच्या घरी तेव्हा पुढची खोली रिकामी होती; भाचा राहत असे, तो नोकरीला लागून गेला होता. ते मला सुचले नाही असे म्हणणार नाही. सुचले होते. पण ज्याचा मी निकाल दिला त्यालाच घरी ठेवले तर लोक काय म्हणतील, असा विचार करून मी पंधरा दिवस घालवले, आणि तेवढ्यात तो गेला.

एप्रिल

चैत्रात सौ. ने उन्हात घालायला ट्रंक उपसली. तळाशी आमच्या लग्नाची पत्रिका निघाली. तिला हसू आले. "बघा हो, किती ही नावं. तुमच्या काकांचं तर दोनदा छापलंय."

मी पत्रिका हातात घेतली. वर फसली तारीख होती, खुर्दाद १३४७. खाली बारीक अक्षरांत इंग्रजी: एप्रिल १९३८. नेहमीच्या सवयीने मी मनात बेरीज केली. तेराशे सत्तेचाळीस आणि पाचशे नव्वद, एकोणीसशे सदतीस.

"आपलं लग्न अडतीसचं ना?" मी विचारले.

"आता ते पण विसरलात का?"

मी खाली बसलो. फसली वर्ष ऑक्टोबरात बदलते आणि इंग्रजी वर्ष जानेवारीत. ऑक्टोबर ते डिसेंबर पाचशे नव्वद मिळवायचे. जानेवारी लागला की इंग्रजी साल पुढे जाते आणि फसली तेच राहते, म्हणून पाचशे एक्क्याण्णव. शहरेवर महिना येतो जुलै-ऑगस्टमध्ये. तेराशे त्रेचाळीस आणि पाचशे एक्क्याण्णव, एकोणीसशे चौतीस. वही काढली. तिच्यात माझ्याच अक्षरात शके १८५६ लिहिलेले होते. अठ्ठ्याहत्तर मिळवले. तेही एकोणीसशे चौतीस.

मंडळाला मी त्याच दिवशी सगळे कळवले. उत्तर यायला आठ दिवस लागले. हंगामाचे निकाल जाहीर झालेले असल्याने प्रकरण दप्तरी दाखल करण्यात आले आहे, असे दोन ओळींचे होते. उत्तराचा मसुदा नियमाला धरून होता. तो नियमही मीच घातलेला होता, की हंगाम संपल्यावर निकाल बदलू नये.

पुन्हा पिंपळगाव

या वेळी भोकरदनला आधी हेडमास्तरांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतले. रागावले नाहीत. "मला वाटलंच होतं की हिशेब चुकलाय," ते म्हणाले. "तुम्ही परत याल म्हणून वाट पाहिली. मग वाटलं, गणिताचे मास्तर आहेत, मीच कुठं तरी चुकलो असेन."

रस्ता तोच, रान मात्र वेगळे. शाळू काढून झाला होता, काळी भुई भेगाळलेली, नांगरटी चाललेल्या. मचाण रिकामे होते. पाटलांच्या वहाणा मी जालन्याहून नवे तळवे लावून आणल्या होत्या. त्यांनी उलटसुलट करून पाहिल्या आणि म्हणाले, "ह्या तर विसरलोच व्हतो मी."

भानुदास घरासमोर नांगराचा फाळ ठोकत होता. मी उभ्या उभ्याच सांगितले. बसून सांगण्यासारखे ते नव्हते. त्याने हातोडी खाली ठेवली आणि बोटांवर मोजले.

"म्हंजे एक जुलैला मी चोवीसचाच व्हतो."

"हो."

"आन् पंचवीस आखाडात झाले."

"हो."

"मंग येत्या सालाला?"

"येत्या सालाला नियमात बसत नाहीस."

"एवढं एकच साल व्हतं म्हना." त्याने हातोडी पुन्हा उचलली, ठोकली नाही. मग घराकडे तोंड करून हाक मारली, "आई, तुझी विहीर बराबर निघाली."

ती बाहेर आली. "मी तवाच सांगितलं व्हतं की गुरुजींना."

मी म्हणालो, "जूनपासून माझ्याकडे राहा. खोली आहे. फीचं मी बघतो. राहिलेलं वर्ष पुरं कर."

"आता न्हाई, गुरुजी," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. "चुलत्याची जमीन वाट्यानं घेतली यंदा. पेरा माझ्यावर हाये. दोन बैल घेतलेत. तुमी जानेवारीत म्हनले असते तर आलो असतो."

त्याने हातोडी बाजूला ठेवली. मग हसून म्हणाला, "पर एक काम करा. सोयरीक चालू हाये. मुलीकडच्यांना कुनीतरी सांगितलं, नवरा वयानं जास्त हाये, मंडळानं काढून टाकला. सव्वीस उलटला म्हनून राह्यले. तुमच्या कागदानं माझी चांगलीच जाहिरात केली."

"मुलगी काय म्हणते?"

"ती काय म्हनंल? तिचा बाप म्हनतो."

मी कागद काढला. 'भानुदासचा जन्म शहरेवर १३४३ फसली, म्हणजे सन १९३४ चा आहे. यापूर्वी मी दिलेले १९३३ हे साल माझ्या हिशेबाच्या चुकीने दिले गेले,' असे लिहिले. सही करायला पेन टेकवले, तेवढ्यात गिरजाबाई म्हणाली, "थांबा. आधी विहिरीवर जाऊन या."

"आई, काय राह्यलंय आता?" भानुदास म्हणाला. "गुरुजी स्वतः सांगून राह्यले."

"मागं बी तेच सांगत व्हते. जाऊन या गुरुजी. दगड कुठं जात न्हाई."

मी गेलो. उन्हाने चिरा तापला होता. पाणी तळाला होते, पण होते. मी चारही आकड्यांवरून बोट फिरवले, अठ्ठ्याहत्तर मिळवले, पुन्हा वजा केले, आणि परत येऊन सही केली.